कसाऱ्याला गाडी का थांबते?

मुंबईहून नाशिककडे निघालेली मेल गाडी कल्याण सोडलं की सुसाट सुटते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातली स्टेशनं भराभर मागे पडतात. आणि एवढ्याशा कसाऱ्याला मात्र ती मुकाट उभी राहते! थोड्या वेळाने मागच्या डब्यांना एक धक्का बसतो. घाबरू नका. गाडीच्या शेपटाला इंजिनं लागली आहेत. पुढे एक आहेच, आता मागे आणखी दोन-तीन. या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात.

एवढी इंजिनं कशाला? कारण समोर सह्याद्री उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचा काळा कातळ झाला. त्याच कातळाचा हा उंच काठ. कसाऱ्यापासून इगतपुरी सुमारे १५ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडीला जवळजवळ ३०० मीटर वर चढायचं असतं. हाच थळ घाट.

इथला चढ आहे ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ‘हात्तिच्या, एवढाच?’ असं वाटलं ना? मग हे करून बघा. ३७ सेंटिमीटर लांबीचा सपाट पुठ्ठा घ्या, एका टोकाखाली १ सेंटिमीटर जाडीचं पुस्तक सरकवा आणि वर गोटी ठेवा. गोटी थांबते का? रूळही पोलादी आणि चाकंही पोलादी, त्यामुळे सपाटीवर गाडी अगदी थोड्या जोरात पळते. पण चढावर तिचं वजनच तिला मागे ओढतं. १००० टनांच्या गाडीला हा घाट सुमारे २७ टनांच्या जोराने खाली खेचत असतो!

मग सगळी इंजिनं पुढेच का नाही लावत? लावली, तर सगळा ताण डबे जोडणाऱ्या कपलिंगवर येईल. ते तुटलं तर मागचे डबे उताराने सुटतील. हातगाडी चढावर नेताना एक जण पुढून ओढतो आणि दुसरा मागून रेटा देतो, तसंच हे. उतरणाऱ्या गाडीचीही सोय आहे. ब्रेक लागला नाहीच, तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर वळवतात. चढावर तिचा वेग आपोआप मरतो. त्या रुळाला कॅच सायडिंग म्हणतात.

घाट चढायची धडपड तशी फार जुनी. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट वर जुन्नरकडे जातो. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, तिथून व्यापाऱ्यांचे तांडे मालाची जनावरं घेऊन चढत. पण जनावरं पायऱ्या चढतात, आगगाडी कशी चढणार?

म्हणून तर रूळ इथे अडले! १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, १८५४ साली कल्याण आलं, १८५५ साली वासिंद. मग १८६० साली आसनगाव आणि १८६१ च्या पहिल्याच दिवशी कसारा. पुढच्या १५ किलोमीटरसाठी मात्र तब्बल चार वर्षं! डायनामाइटचा शोध १८६७ सालचा, म्हणजे तेव्हा ते नव्हतंच. मजुरांनी छिन्नी-हातोड्याने कातळाला भोकं पाडली, त्यात साधी दारू ठासून सुरुंग उडवले, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल बांधले. किती जिवावरचं काम! त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत, पण १८६५ साली इगतपुरीला गाडी पोचली ती त्यांच्या जोरावर.

मुंबईची लोकल आजही कसाऱ्यालाच संपते. तिथून मोखाडा-खोडाळ्याची माणसं जीप नाहीतर एसटी धरतात. गाव लहान, पण आसपासच्या कितीतरी पाड्यांना मुंबई जोडलेली आहे ती याच फलाटाने. शेजारच्या मुरबाडला मात्र अजून रेल्वे नाही.

आता नाशिकला जाल तेव्हा कसाऱ्याला झोपून राहू नका हं! मोठ्यांना विचारून खिडकीशी बसा आणि मागून धक्का कधी बसतो ते बघा. इगतपुरीला बँकर सुटतात. तिथे फलाटावरून ते मोजा आणि किती होते ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.