वृत्तपत्रव्यवसायाची दालने — लेखांक सातवा : कामगारवार्ताहर

१ जानेवारी १८७७ या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू होऊन तिने ‘एम्प्रेस’ हे नाव धारण केले, आणि त्याच दिवशी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’चा पहिला अंक काढला. गिरणीत मजुरीच्या दरावरून त्याच वर्षी संप झाला. या देशात ज्यांची नोंद राहिली अशा अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. कामगारवार्ताहराच्या व्यवसायाचा इतिहास सांगू पाहणाऱ्याला याहून अर्थपूर्ण प्रारंभ शोधून सापडणार नाही.

१८८० साली ‘दीनबंधू’ मुंबईस नेणारे नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत कोठारावर काम केलेले गृहस्थ होते. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले आणि १८९० साली रविवारची सुटी गिरणीमालकांकडून मान्य करून घेतली. परंतु आपल्या विदर्भाला अधिक जवळचे, आणि त्या मानाने फारच उपेक्षित राहिलेले उदाहरण मोहप्याच्या किसन फागोजी बनसोडे यांचे होय.

बनसोड्यांनी नागपुरात स्वतःचा छापखाना घातला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ व १९१८ पासून ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे एकामागून एक चालविली. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारी लेखणीच मजुरांच्या पत्रासाठी झिजावी, हा माझ्या मते योगायोग नव्हे. गिरणीच्या आत काय चालत असे ते पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या एवढ्याशा क्रियेत विटाळ मानला गेल्यामुळे मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीचे वीणकामाचे खाते अस्पृश्य कामगारांना बंद राहिले, आणि १९२८ च्या प्रचंड संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न मालकांपुढे नव्हे, तर संपाच्या पुढाऱ्यांपुढेच मांडावा लागला. गेटसभेतील भाषणे लिहून घेऊन परतणाऱ्या बातमीदाराच्या दृष्टीस हे कधीही पडले नसते. कारण व्यासपीठावरून सर्व कामगार एक असल्याचे सांगितले जात होते आणि खात्याच्या दारात ते एक नव्हते. ‘मजूर पत्रिका’ जेमतेम चार वर्षे चालली. तरीही कामगारांची बातमी कोठून पाहावी याचा धडा ज्याला घ्यावयाचा असेल, त्याने मोठ्या भांडवलाच्या दैनिकांआधी बनसोड्यांकडे वळावे, असे मला मनापासून वाटते.

आज या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुणाला नागपूर फार वेगळे दिसेल. एम्प्रेस गिरणी २००२ साली बंद पडली. मजूर आता बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत, उमरेडच्या कोळसाखाणींत विखुरला आहे, आणि त्यातील मोठा भाग ठेकेदाराच्या हाताखालचा आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले. म्हणून हजेरीपटावर किती नावे आहेत, प्रत्यक्ष पाळीला किती माणसे आत गेली, भविष्यनिर्वाह निधीची कपात झाली ती रक्कम जमा झाली की नाही, या तिहींची रुजवात घालणे हेच या वार्ताहराचे नित्यकर्म ठरते. ते कंटाळवाणे आहे, त्याला संपाच्या बातमीसारखा मथळा लाभत नाही, आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत तारखांमागून तारखा बसून काढाव्या लागतात. परंतु संप होतो तो पुष्कळदा या नोंदींत महिनोन्‌महिने लिहिला गेल्यानंतरच, आणि ज्याने त्या वाचल्या नाहीत त्याला संपाच्या दिवशी दोन्ही पक्षांच्या कैफियती उतरवून घेण्यापलीकडे काही करता येत नाही.

या वार्ताहराच्या स्वतःच्या वेतनाचा प्रश्न मात्र अद्याप बाजूस राहिला आहे. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा झाला, त्याखालील पहिल्या वेतनमंडळाचा निर्णय १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. त्या प्रकरणाची हकीकत पुढील लेखांकात.