हिमालयांत एकटा प्रवासी आणि त्याचा कॅमेरा

इस्लापूरसारख्या गांवच्या निवृत्त शाळामास्तरानें हिमालयाविषयीं बोलावें, हें कांहीं जणांस विचित्र वाटेल. आमच्या किनवट तालुक्यांत डोंगर आहेत, सागाचें रान आहे, पैनगंगा आहे. बर्फ मात्र आम्हीं रसवंतीच्या गाड्यावर पाहिला तेवढाच. तरीहि आजच्या विषयाचा पहिला धडा मीं घेतला तो गांवाजवळच्या सहस्रकुंडाच्या धबधब्यावर.

पावसाळ्यांत पैनगंगा तेथें काळ्या कातळावरून असंख्य धारांनीं खालीं कोसळते. निवृत्तीनंतर मुलानें घेऊन दिलेला कॅमेरा गळ्यांत अडकवून मी तेथें गेलों आणि पन्नासेक छायाचित्रें काढलीं. घरीं येऊन पाहतों तों काळा कातळ राखेच्या रंगाचा झालेला, आणि पाण्याच्या जागीं चुन्याचा सपाट पट्टा! कॅमेरा बिघडला असावा असें मला वाटलें. बिघडलेलें कांहींच नव्हतें. कॅमेऱ्याला समोरचा प्रकाश मोजतां येतो, पण समोरची वस्तु मुळांत काळी आहे कीं पांढरी, हें त्याला कळत नाहीं. सगळें दृश्य मिळून सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें असतें, एवढें एकच गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकटींत काळा कातळ अधिक असला कीं त्याला वाटतें, येथें उजेड कमी आहे. मग तो प्रकाश जास्त आंत घेतो, आणि बिचारें पाणी त्यांत जळून जातें.

बर्फावर नेमकें ह्याच्या उलट घडतें. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ८० ते ९० भाग परत फेंकतो. कॅमेरा ह्या लखलखाटानें दचकतो, प्रकाश तोडतो, आणि हिमशिखरें धुण्याच्या पाण्यासारखीं मळकट उमटतात. हिमालयांतून परत आलेल्या मंडळींचीं छायाचित्रें पाहतांना ‘प्रत्यक्षांत फार सुंदर होतें हो’ असें जें वारंवार ऐकूं येतें, त्याचें अर्धें कारण हें आहे. उपाय अगदीं सोपा. बर्फ चौकटीभर असेल तर कॅमेऱ्यानें ठरविलेल्या मापापेक्षां एक ते दीड पायरी प्रकाश अधिक द्यावा. सहस्रकुंडावर तेवढाच कमी करावा. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून वरखालीं सरकविलें तरी बहुधा हें साधतें.

हें कौशल्य आज आठवड्याभरांत शिकतां येतें आणि खिशांतल्या यंत्रावर वापरतां येतें. पूर्वीं असें नव्हतें. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला आणि १८६६ पर्यंत त्यानें हिमालयाच्या तीन मोठ्या वाऱ्या केल्या. त्या काळीं कांचेच्या तावदानावर ओलें रसायन ओतून, तें वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन, लगेच अंधाऱ्या तंबूंत धुवावें लागे. कांचा, बाटल्या, तंबू, अन्न, अंथरूण ह्या सर्वांसाठीं हमालांचा मोठा तांडा त्याच्याबरोबर चाले. १८६६ सालीं मणिरंग खिंडींत, साडेअठरा हजार फुटांच्याहि वर, त्यानें छायाचित्रें घेतलीं तीं ह्या थाटानें. आमचा मराठवाडा ज्या राज्यांत होता त्या निजामाच्या राज्याचे विख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे तरुणपणीं हिमालयाच्या पायथ्याशीं रुरकीच्या अभियांत्रिकी विद्यालयांत शिकले; त्यांच्या कामामागेंहि साहाय्यकांचा मोठा परिवार असे.

आणि ज्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता त्यांच्याजवळ निदान सोबती होते. साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१२ च्या सुमारास हिमालयांत पायीं हिंडले, ते स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर ह्यांच्या संगतींत. प्रवासाचें वर्णन त्यांनीं पुढें कांहीं वर्षांनीं, आणि तेंहि गुजरातींत लिहिलें. जें डोळ्यांनीं पाहिलें तें मनांत मुरूं दिलें आणि मग शब्दांत उतरविलें.

म्हणजे कॅमेरा जसजसा हलका होत गेला तसतसा त्याच्याभोंवतालचा माणूस कमी होत गेला. बोर्नचे हमाल त्याचें ओझें वाहत, इतकेंच आपल्या लक्षांत येतें. परंतु साहेबाचा चेहरा पांढरा पडला आहे, तो अडखळत चालतो आहे, हें पाहणारे त्याच्याभोंवतीं कितीतरी डोळे होते. ते डोळे आज एकट्या प्रवाशाजवळ नाहींत.

एकट्यानें जाण्याची गोडी मी नाकारीत नाहीं. शिखरावर ऊन येण्याची वाट पाहत दीड दीड तास थंडींत बसून राहावें, आणि ऊन आलें कीं बोलूं नये, असा सोबती कोठें मिळतो? माझ्या कुटुंबानें एकदां देवगिरीच्या किल्ल्यावर हा अनुभव घेतला आणि पुन्हां येणार नाहीं असें स्पष्ट सांगितलें. म्हणून दोन वर्षांपूर्वीं कार्तिकांत मी एकटाच निघालों. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनें दिल्ली, तेथून हरिद्वार, मग मोटारीनें उखीमठ आणि तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं चोपता. चौथ्या दिवशीं फरसबंदी वाटेनें तुंगनाथास पोंचलों. पंचकेदारांपैकीं हें देऊळ. हिंवाळ्यांत तें बंद होतें आणि देवाची उत्सवमूर्ति खालीं मक्कूमठास नेतात. दरवाजे मिटण्यास थोडेच दिवस उरले होते. देवळाखालच्या एका चहावाल्याकडे मुक्काम केला. रात्रभर डोकें ठणकत होतें आणि झोंप लागली नाहीं. प्रवासाचा शीण, असें म्हणून मीं तें सोडून दिलें.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. उंचावर प्राणवायु कमी असतो असें आपण म्हणतों, पण हवेंतील त्याचें प्रमाण तेथेंहि शेंकडा २१ इतकेंच असतें. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरांवर तो समुद्रकांठच्या सुमारें दोन-तृतीयांश असतो आणि साडेपांच हजारांवर निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर छातींत तितका प्राणवायु कमी जातो. शरीर ह्याची तजवीज करतें. श्वास वाढवितें, पुढें रक्तहि बदलतें. पण त्याला दिवस लागतात. आमचें गांव समुद्रसपाटीपासून पांचशे मीटरांच्या आंत आहे. तेथून निघालेला मी चौथ्या रात्रीं साडेतीन हजारांच्या आसपास झोंपलों होतों. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा कीं, तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोंपण्याची जागा रोज पांचशे मीटरांपेक्षां अधिक चढवूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस थांबावें. दिवसा कितीहि चढा. रात्रीं कोठें झोंपतां तें महत्त्वाचें. आगगाडी आणि मोटार ह्यांनीं हा नियम मोडणें फार सोपें केलें आहे.

पहांटे मी चंद्रशिलेकडे निघालों. निघतांना चहावाल्यानें विचारलें, परत कधीं येणार? आठ वाजतां, असें मीं सहज म्हटलें. अन्न जाईना म्हणून नुसता चहा घेतला होता.

वर पोंचलों तेव्हां पूर्व उजळत होती. ७,१३८ मीटर उंचीच्या चौखंब्यावर पहिलें ऊन उतरलें तो क्षण मला मिळाला, दीड पायरी प्रकाश वाढवून मिळाला, आणि तें चित्र आज माझ्या बैठकींत आहे. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर वेळ नोंदवितो. सहा पंचवीस ते सहा पन्नास ह्या वेळांतलीं चित्रें नीट आहेत. नंतर सात बारा ते सात एकुणपन्नास ह्या अवधींत मीं तेवीस चित्रें घेतलीं आहेत. तीं सर्व एकाच दगडाचीं आहेत. क्षितिज कलतें आहे, दोहोंत माझें बोट आलें आहे. माझ्या आठवणींत हा सगळा वेळ फार तर दहा मिनिटांचा आहे.

त्या वेळीं मी काय करीत होतों हें मला लख्ख आठवतें, आणि तेंच भयंकर आहे. मी मुलांची वाट पाहत होतों. शाळेची सहल आणली आहे, बत्तीस मुलें मागें राहिलीं आहेत, तीं आल्याखेरीज आपल्याला उतरतां येणार नाहीं, अशी माझी पक्की खात्री होती. एक हातमोजा कोठें गेला तें ठाऊक नव्हतें. खालून ढग चढत होते.

पुढें वाचनांत आलें कीं हा अनुभव माझ्याआधीं थोरांना आलेला आहे. फ्रँक स्माइथ हा नामांकित गिर्यारोहक आणि तितकाच नामांकित पर्वत-छायाचित्रकार. गढवालांतील फुलांची दरी त्यानेंच जगास परिचित करून दिली. १९३३ सालीं एव्हरेस्टवर शेवटच्या तळाच्या वर त्याचा सोबती मागें फिरला आणि तो एकटाच पुढें गेला. वाटेंत खिशांतली वडी काढून त्यानें तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा सोबत्यास देण्यासाठीं वळला, तर मागें कोणीच नव्हतें. तो कितीतरी अधिक उंचीवर होता. मी त्याच्या निम्म्याहि उंचीवर नव्हतों. पुढें डॉक्टरांनीं मला सांगितलें कीं उंची, उपास, थंडी आणि जागरण ह्या चौघांनीं मिळून तें केलें. तुम्ही म्हणाल, राइनहोल्ड मेसनर २० ऑगस्ट १९८० रोजीं एव्हरेस्टच्या माथ्यावर एकटाच, प्राणवायूच्या नळीवांचून पोंचला ना? पोंचला, पण त्यापूर्वीं कित्येक आठवडे तिबेटच्या पठारावर राहून त्यानें शरीर सरावाचें केलें होतें.

ह्या विकाराची खोडी अशी कीं तो जिच्यावर विसंबून तुम्ही त्याला ओळखणार, त्या बुद्धीलाच प्रथम धरतो. डोकेंदुखी, मळमळ, भूक न लागणें, हीं पहिलीं लक्षणें एकट्यालाहि ओळखतां येतात. तेथेंच थांबावें, आणि वाढलीं तर उतरावें. पण बोलण्यांत घोंटाळा होऊं लागला, टांचेस अंगठा लावून सरळ रेषेंत चालतां येईना, कीं तो मेंदूवर सूज येण्याचा इशारा असतो. बसल्या जागीं धाप लागली आणि खोकला सुटला तर फुप्फुसांत पाणी होत असतें. दोहोंत ताबडतोब खालीं उतरविणें हाच मुख्य उपाय. गोळ्या आहेत, त्या वैद्याच्या सल्ल्यानें घ्याव्या. उतरण्याऐवजीं घेऊं नयेत. नेपाळनें २०२३ सालीं परदेशी पदयात्रिकांना बहुतेक मार्गांवर वाटाड्या घेण्याची सक्ती केली, तेव्हां पुष्कळांनीं कुरकुर केली. मीं केली नाहीं.

कॅमेऱ्याचीं दोन पथ्यें ओघानें सांगतों. थंडींत बॅटरीची शक्ति एकाएकीं संपल्यासारखी दिसते. ती छातीशीं, आंतल्या खिशांत ठेवावी, ऊब मिळतांच पुष्कळदां पुन्हां चालते. आणि थंडगार कॅमेरा शेकोटीच्या खोलींत उघडा आणूं नये, आंतल्या कांचांवर दंव जमतें. बाहेरच पिशवींत घट्ट बांधून मग आंत न्यावा. काळा चष्मा विसरूं नये. बर्फावरून उलटणारे जंबुपार किरण डोळे भाजून काढतात.

आठ वाजले, मी परतलों नाहीं. चहावाला साडेआठला एका पोऱ्यास घेऊन वर आला. मी दगडावर बसलों होतों. त्यानें विचारलें, बरोबर कोण आहे? मीं सांगितलें, बत्तीस मुलें. तो मनुष्य हंसला नाहीं कीं मला समजावीत बसला नाहीं. म्हणाला, ‘गुरुजी, बच्चे तो नीचे पहुँच गये, आपही की राह देख रहे हैं.’ मी निमूट उठलों. दोघांनीं मला धरून तुंगनाथास आणि तेथें न थांबतां थेट चोपत्यास उतरविलें. संध्याकाळपर्यंत डोकें स्वच्छ झालें आणि मला भूक लागली.

गेल्या वर्षीं मी पुन्हां गेलों. दोन रात्री उखीमठास काढल्या, दोन चोपत्यास, आणि उखीमठचाच एक तरुण वाटाड्या बरोबर घेतला. तो दीड तास न बोलतां बसतो, हें मला नवीन कळलें. तुंगनाथास पोंचतांच चहावाल्यानें ओळखलें. चहाचा पेला पुढें करीत त्यानें माझ्या पाठीमागें वाटेकडे पाहिलें आणि विचारलें, ‘इस बार बच्चों को नहीं लाये?’