चंडीगढ कुणाचं, हे ठरवायचं राहिलंच

नोव्हेंबर २०२५ मध्ये चंडीगढला राज्यघटनेच्या २४०व्या, म्हणजे राष्ट्रपतींना थेट नियम करू देणाऱ्या कलमाखाली आणणारं विधेयक संसदेच्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत दिसलं. पंजाबात गदारोळ झाला आणि या अधिवेशनात तसं विधेयक आणायचा इरादा नाही, असं सांगून गृहखात्याने हात झटकले. माझी उमेदीची वर्षं त्या शहरात, सेक्टर ३० मध्ये गेली. तिथल्या लोकांना न विचारताच त्यांचं भवितव्य यादीत चढतं नि उतरतं, हे मला फार लागलं.

चंडीगढ म्हटलं की सगळे वास्तुविशारद कॉर्बुझिएपासून सुरुवात करतात. त्यावर पुरेसं लिहून झालंय. आजचं दुखणं १९६५ च्या युद्धानंतरच्या पाच वर्षांतलं आहे. अकाली नेते संत फत्तेसिंगांनी पंजाबी सुभ्यासाठी, म्हणजे पंजाबी भाषक राज्यासाठी, १० सप्टेंबर १९६५ पासून उपोषण आणि पुढे आत्मदहन जाहीर केलं होतं. लढाई पेटली तसं त्यांनी ते पुढे ढकललं. सीमेवरच्या पंजाबने त्या दिवसांत जवानांना जेवू घातलं. तोफा थांबताच दिल्लीने या मागणीसाठी तीन मंत्र्यांची समिती नेमली: इंदिरा गांधी, महावीर त्यागी आणि आपले यशवंतराव चव्हाण. जानेवारीत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून ताश्कंदलाही होते. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड करारात परत गेली आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. तो सल अजून माझ्या मनात आहे.

मार्च १९६६ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पंजाबी भाषक राज्याला होकार दिला. पण सीमा आखायला बसलेल्या शहा आयोगापुढे आधार होता १९६१ च्या जनगणनेचा. त्या जनगणनेत घरात पंजाबी बोलणाऱ्या हजारो हिंदू कुटुंबांनी मातृभाषा हिंदी लिहवली होती. आमच्या गल्लीतले एक वडीलधारे गृहस्थ नातवाला पंजाबीत रागवायचे, पंजाबीत कुरवाळायचे आणि फॉर्मवर हिंदी लिहवल्याचं अभिमानाने सांगायचे. ते खोटारडे नव्हते. गुरुमुखीच्या राज्यात आपण परके ठरू, ही भीती त्यांच्या मनात पेरली गेली होती, आणि ज्यांनी पेरली त्यांनी तिच्यावर निवडणुका लढवल्या. आयोगाच्या तिघांपैकी दोघांनी खरड तालुका चंडीगढसकट हरियाणाला द्यावा म्हटलं, तिसऱ्याने विरोध नोंदवला. दिल्लीने ना दोघांचं ऐकलं, ना तिसऱ्याचं. १ नोव्हेंबर १९६६ ला चंडीगढ केंद्रशासित झालं आणि दोन्ही राज्यांची राजधानीही.

सेक्टर ३० मध्ये आमची सीएसआयओ, म्हणजे वैज्ञानिक उपकरणांची केंद्रीय संस्था. शेजारी स्विस मदतीने १९६३ मध्ये सुरू झालेलं प्रशिक्षण केंद्र. एका बाकावर रोहतकचा, दुसऱ्यावर लुधियान्याचा, मधे मी साताऱ्याकडचा. सूक्ष्मदर्शकाचं भिंग बसवताना तिघांची डोकी एकमेकांना लागायची. हात कापू नये म्हणून बोलणंसुद्धा बंद. पण १९६९ च्या ऑक्टोबरात दर्शनसिंग फेरुमान चंडीगढ पंजाबला मिळावं म्हणून ७४ दिवस उपाशी राहून वारले आणि जेवणाच्या सुट्टीत लुधियानावाला वेगळा बसायला लागला. जानेवारीत फत्तेसिंगांनी पुन्हा आत्मदहनाची मुदत दिली. २९ जानेवारी १९७० ला निवाडा आला: चंडीगढ पंजाबला, अबोहर-फाझिल्का हरियाणाला. हरियाणात दंगली उसळल्या. त्या आठवड्यात रोहतकवाल्याचा डबा उघडलाच गेला नाही. त्याला गावी जाता येत नव्हतं, आणि इथे तो उपरा ठरला होता.

तो निवाडा कागदावरच राहिला. १९८५ च्या राजीव-लोंगोवाल कराराने २६ जानेवारी १९८६ ही हस्तांतराची तारीख दिली. तीही गेली. मधल्या दहशतीच्या वर्षांबद्दल मी लिहीत नाही. तेव्हा मी तिथे नव्हतो आणि ज्यांनी भोगलं त्यांनी लिहावं.

यशवंतरावांवर माझा राग आहे, आणि तो आदरातूनच आलेला आहे. नोव्हेंबर १९६६ ते जून १९७० ते गृहमंत्री होते. याच काळात आपला बेळगावचा प्रश्न महाजन आयोगापुढे होता. मेहरचंद महाजन मूळचे कांगड्याचे. १९४७ च्या पंजाब सीमा आयोगावर ते सदस्य होते. पंजाबची फाळणी जवळून पाहिलेल्या न्यायमूर्तींनी १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं. इकडे पंजाबची गुंतागुंत मराठी माणसाच्या टेबलावर पडून होती. दोन्ही जखमांची नाडी ज्याच्या हाती होती असा दुसरा माणूस त्या मंत्रिमंडळात नव्हता. त्यांनी इंदिराबाईंशी वाद घातला असता तर खुर्ची गेली असती, पण निदान एखादा प्रश्न तरी सुटला असता. पक्षातल्या वर्चस्वाची लढाई त्यांना जास्त महत्त्वाची वाटली. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, आणि त्या धामधुमीत सीमांचे प्रश्न सौद्याचे झाले.

आज चंडीगढला लोकसभेची एक जागा आहे आणि एक वर्षाच्या महापौराची महापालिका आहे. विधानसभा नाही. १९८४ पासून पंजाबचे राज्यपालच प्रशासक आहेत. इकडे बेळगावसाठीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या वाचकांना माझी विनंती आहे: चंडीगढच्या बातमीला उत्तरेकडचं भांडण म्हणून पान उलटू नका. आणि आपल्या खासदारांना सांगा, पुढचं विधेयक येईल तेव्हा त्यावर मत देण्याआधी सेक्टर ३० मधल्या रहिवाशाचं मत मागा.