शंभर मैलांचा हिशेब

जून महिन्याच्या अखेरीस, शनिवारी पहाटे पाच वाजता, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वतातील ऑलिंपिक व्हॅली येथे बंदुकीचा बार होतो आणि सुमारे पावणेचारशे स्त्री-पुरुष समोरचा डोंगर चढू लागतात. शंभर मैलांवर, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरवर, ऑबर्न नावाचे गाव आहे. तेथील शाळेच्या मैदानावर त्यांना रविवारी सकाळी अकराच्या आत पोहोचायचे असते. अवधी तीस तासांचा. चोवीस तासांच्या आत येणाऱ्यास चांदीचे बकल मिळते, त्यानंतर येणाऱ्यास कांस्याचे. रोख बक्षीस कोणालाही नाही, पहिल्या आलेल्यालाही नाही.

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरहून लांब शर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ती डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटेने धावली तर ट्रेल शर्यत. ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शंभर मैलांच्या अशा शर्यतींतील सर्वांत जुनी. अशा शर्यतीत विजेत्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु तिचा भार ज्याच्या खांद्यावर असतो तो स्पर्धा-संचालक सहसा प्रकाशात येत नाही. किती जणांना वाटेवर सोडावे, कोणाला थांबवावे आणि सोडलेला प्रत्येक जण परत आला की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात. आज ही शर्यत-विद्या जगभर पसरत असताना तिचे भवितव्यही याच तीन प्रश्नांवर अवलंबून आहे.

घोडा लंगडला, वाट राहिली

ही वाट मुळात घोडेस्वारांची. १९५५ पासून तेथे एका दिवसात शंभर मैल घोड्यावरून पार करण्याची ‘टेव्हिस कप’ स्पर्धा भरत आली आहे. १९७२ मध्ये सैनिकांच्या एका तुकडीने ही वाट पायी तुडवली. वीसपैकी सात जण शेवटपर्यंत पोहोचले, पण त्यांना चाळीस तासांहून अधिक वेळ लागला. १९७३ मध्ये गॉर्डी एन्सली या तरुण स्वाराचा घोडा वाटेत लंगडला. पुढील वर्षी तो घोड्यावाचूनच आरंभरेषेवर उभा राहिला आणि होरपळणाऱ्या उन्हात २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला. १९७७ मध्ये धावपटूंची पहिली रीतसर शर्यत झाली, तेव्हा चौदा जण निघाले आणि तिघांनी ती पूर्ण केली.

घोड्यांच्या स्पर्धेने या खेळाला मोलाची एक शिस्त दिली. तेथे ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य घोड्याची नाडी व चाल तपासतात आणि घोडा थकला असेल तर स्वाराची कितीही इच्छा असली तरी त्याला पुढे जाऊ देत नाहीत. हीच रीत माणसांना लागू झाली. अनेक वर्षे वाटेवर धावपटूंचे वजन केले जात असे. वजन फार घटले तर शरीरातील पाणी कमी झाले असे समजावे. उलट वाढले तर पाणी अति प्यायल्याने रक्तातील सोडियम घसरले असण्याची शंका घ्यावी. दुसरा धोका पहिल्याइतकाच जीवघेणा असतो.

रात्रभर चालणारी नोंद

वाटेवर वीसच्या आसपास मदत केंद्रे असतात. पाणी, फळे, मीठ, गरम पेय यांची सोय तेथे असते. तिच्याइतकेच महत्त्व तेथील नोंदवहीला असते. कोणता क्रमांक किती वाजता आला, किती वाजता निघाला, हे प्रत्येक केंद्रावर लिहिले जाते. दऱ्याखोऱ्यांत दूरध्वनी पोहोचत नाही, म्हणून हौशी रेडिओचालक हे आकडे पुढे कळवतात. मागील केंद्रातून निघालेला क्रमांक पुढील केंद्रावर अपेक्षित वेळेत उमटला नाही, तर शोध सुरू होतो. सुमारे ७८ व्या मैलावर अमेरिकन नदी आडवी येते. तेथे स्वयंसेवक थंड पाण्यात रात्रभर उभे राहून, ताणलेल्या दोराच्या आधाराने एकेका धावपटूला पलीकडे नेतात. पाणी वाढलेले असेल तर रबरी होड्या वापरतात. पावणेचारशे धावपटूंसाठी सुमारे दीड हजार स्वयंसेवक राबतात.

ज्या व्यापाऱ्याने दिवाळीच्या सुमारास वर्षाची वही मिळवली आहे, त्याला या कामाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. पानापानावरची नोंद चोख असेल तरच अखेरची बाकी जुळते. फरक एवढाच, की येथे न जुळलेली एक रक्कम म्हणजे अंधाऱ्या दरीत बसून राहिलेला एक माणूस असतो.

नियम कोणासाठी?

२००६ मध्ये सर्वांच्या पुढे असलेला धावपटू ऑबर्नच्या मैदानात शिरला आणि अंतिम रेषेपासून काही शे फुटांवर कोसळला. सोबत्यांनी त्याला आधार देऊन रेषेपार नेले. दुसऱ्याच्या आधाराने पुढे सरकणे नियमात बसत नव्हते, म्हणून तो बाद ठरला आणि विजेतेपद दुसऱ्याला गेले. शंभर मैल पुढे राहिलेल्या माणसाविषयी असा निर्णय जड अंतःकरणानेच घ्यावा लागतो.

तोच काटेकोरपणा २०१५ मध्ये निराळ्या रूपाने दिसला. सत्तर वर्षांच्या गनहिल्ड स्वॉन्सन शेवटच्या मिनिटात मैदानात आल्या. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार आदल्या रात्रीच आपली शर्यत संपवून मोकळा झाला होता. तो सपाता घालूनच अखेरच्या मैलात त्यांच्याबरोबर धावत आला. स्वॉन्सनबाईंनी २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांनी रेषा ओलांडली. मर्यादा संपायला सहा सेकंद उरले होते. घड्याळ सैल असते, तर त्या सहा सेकंदांना मोल उरले नसते.

मागणी वाढली, जागा तेवढीच

१९८४ मध्ये या वाटेचा काही भाग ‘ग्रॅनाइट चीफ’ या संरक्षित रानप्रदेशात समाविष्ट झाला. अशा प्रदेशात स्पर्धांना मनाई असते. या जुन्या शर्यतीला अपवाद म्हणून परवानगी मिळाली, पण संख्येच्या अटीवर. तेव्हापासून ३६९ हा आकडा कायम आहे. आता दरवर्षी दहा हजारांच्या आसपास पात्र अर्ज येतात. मागील वर्षीचे पहिले दहा स्त्री-पुरुष, निवड शर्यतींतील अग्रणी आणि प्रायोजक यांच्यासाठी काही जागा राखीव असतात. उरलेल्यांची सोडत निघते. पहिल्या वर्षी अर्जदाराची एक चिठ्ठी, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार, अशी ती दुप्पट होत जाते आणि आठव्या वर्षी एकशे अठ्ठावीसवर पोहोचते. निवड झालेल्याला आठ तासांचे श्रमदानही करावे लागते.

दुसरीकडे हा खेळ झपाट्याने व्यवसाय बनत आहे. २००३ मध्ये सुरू झालेली, माँ ब्लाँ पर्वताला फेरी घालणारी ‘यूटीएमबी’ शर्यत २०२१ मध्ये ‘आयर्नमॅन’ समूहाशी जोडली गेली आणि तिच्या नावाने जगभर शर्यतींची साखळी उभी राहिली. बुटांच्या कंपन्या नामांकित धावपटूंना करारबद्ध करतात. व्यवसायात वाईट काही नाही. त्यातून चांगले वैद्यकीय पथक आणि चांगली यंत्रणाही उभी राहते. मात्र प्रवेश वाढवणे सोपे आणि बंदोबस्त वाढवणे कठीण असते.

या फरकाची किंमत २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात मोजावी लागली. शंभर किलोमीटरच्या त्या शर्यतीत १७२ धावपटू होते. दुपारी गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. वाऱ्यापासून रक्षण करणारे जाकीट सक्तीचे नव्हते आणि सर्वांत कठीण चढावर वाहन पोहोचू शकत नव्हते. एकवीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत देशातील अग्रगण्य धावपटूही होते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांचे प्राण वाचवले. त्यानंतर चीनने अशा शर्यती तात्पुरत्या बंद केल्या.

आपल्या डोंगरवाटांवर

सह्याद्रीतही आता हा खेळ रुजला आहे. सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांच्या वाटेवरील ‘एसआरटी अल्ट्रा’साठी पुण्याच्या परिसरात तरुण वर्षभर सराव करतात. दुकानाचे शटर ओढल्यानंतर किंवा पहाटे दुकान उघडण्यापूर्वी धावणारी मुले-मुली आणि सुनाही अनेक घरांत आहेत. त्यांना अडवण्याचे कारण नाही. कोणत्याही शर्यतीचा अर्ज भरण्यापूर्वी घरच्यांनी तिच्या आयोजकांना काही साधे प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. धावपटूंच्या संख्येला मर्यादा आहे का? कोणते साहित्य सक्तीचे आहे आणि ते तपासले जाते का? हवामान बिघडले तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रत्येक टप्प्यावर कोण मोजतो, आणि शेवटच्या धावपटूच्या मागून कोण चालते?

ज्या संचालकाजवळ या प्रश्नांची उत्तरे तयार असतील, त्याच्या वहीत आपल्या घरचे नाव निश्चिंत मनाने लिहू द्यावे.