वर म्हटलं की वरच

७ फेब्रुवारी २०१८च्या संध्याकाळी दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं विमान आणि मुंबईहून भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं विमान मुंबईच्या हवाई हद्दीत नको इतकी जवळ आली. दोघांच्या उंचीत जेमतेम शंभर फुटांचा फरक उरल्याचं तेव्हा छापून आलं होतं. चूक कुणाची, हा वाद वेगळा. कॉकपिटमध्ये इशारा वाजला, वैमानिकांनी तो पाळला आणि विमानं सुखरूप दूर झाली.

इशारा देणाऱ्या या यंत्रणेला वैमानिक ‘टीकॅस’ म्हणतात. ती साधारण दर सेकंदाला आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला रेडिओवरून साद घालते. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. उंची त्या उत्तरातच असते. मग हिशेब होतो तो मुख्यतः सेकंदांचा: हीच गती राहिली तर गाठ पडायला किती वेळ उरला?

वीस ते अठ्ठेचाळीस सेकंद उरले की पडद्यावरचा ठिपका पिवळा होतो आणि ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज येतो. या टप्प्यावर विमान वळवायचं नाही. बाहेर नजर टाकायची, हात तयार ठेवायचे, बस्स.

धोका टळला नाही, तर ठिपक्याच्या जागी लाल चौकोन येतो आणि हुकूम सुटतो: ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’. आता पाच सेकंदांच्या आत हालचाल सुरू व्हायला हवी. बहुतेक विमानांत वैमानिक ऑटोपायलट काढतो आणि नाक एवढंच उचलतो की चढण्याचा वेग दाखवणारा काटा लाल पट्ट्यातून निघून हिरव्यात येईल. हा वेग सहसा मिनिटाला १,५०० फूट, म्हणजे सेकंदाला पंचवीस. वीस सेकंदांत फार तर पाचशे फूट, तेवढं पुरतं. घाबरून जास्त ओढलं तर हजार फूट वरून जाणाऱ्या तिसऱ्याच विमानाशी गाठ पडायची. सहवैमानिक रेडिओवर ‘टीकॅस आरए’, म्हणजे यंत्रणेचा हुकूम आला, एवढंच कळवतो. तिथून ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू येईपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाची वाट बदलायची नसते.

एवढं मुकाट ऐकायचं कशासाठी? सदाशिव पेठेतल्या बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या की दोघंही एकाच बाजूला वळतात, पुन्हा दोघंही दुसऱ्या बाजूला. आकाशात हा घोळ होऊ नये म्हणून दोन्ही विमानांतल्या यंत्रणा आपसांत ठरवून घेतात: एकाने वर, दुसऱ्याने खाली. तुम्हाला मिळालेला हुकूम हा जोडीतला अर्धा भाग असतो. तो मोडला की समोरच्याचा बरोबर असलेला अर्धाही घातक ठरतो.

१ जुलै २००२च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर नेमकं हेच झालं. नियंत्रकाने रशियन प्रवासी विमानाला खाली यायला सांगितलं. काही सेकंदांतच यंत्रणा म्हणाली, वर जा. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान यंत्रणेच्या सांगण्यानुसार खालीच येत होतं. ७१ जण गेले. नियंत्रकाला मोठं मानणं तेव्हाच्या अनेक वैमानिकांना स्वाभाविक वाटत असे आणि नियमांची भाषाही गुळमुळीत होती, हे विसरून त्यांना दोष देणं मला पटत नाही. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला: दोन्ही सूचना परस्परविरोधी असल्या तर यंत्रणेचं ऐका.

ही यंत्रणा विमानात असायलाच हवी, हा धडा तर आपल्याकडे त्याआधीच, फार महाग मिळाला होता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. त्यानंतर भारताने मोठ्या विमानांवर ही यंत्रणा सक्तीची केली.

तिला मर्यादा आहेतच. समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर तिला ते विमान दिसतच नाही. आणि पुण्यात लोहगावच्या विमानतळावर उतरताना जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या खाली ती वर-खालीचे हुकूम देत नाही, कारण तिथे जमीनच जास्त जवळची. त्या शेवटच्या टप्प्यात भिस्त नियंत्रकावर आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर असते.