सॅन्डोझ बाग, व्हाया बासेल

ठाणे स्टेशनहून कोलशेतकडे जाताना ‘सॅन्डोझ बाग’ लागते. उतरून बाग शोधत बसू नका. हे नाव पडलं ते सॅन्डोझ या स्विस केमिकल कंपनीमुळे. मास कॉमला आम्हाला पीआरमध्ये एक टॉपिक असतो : देशादेशांत पीआरचं काम बदलवणारे बाह्य घटक. कायदा, राजकारण, मीडिया, संस्कृती... यादी पाठ केली की मार्क मिळतात, डोक्यात मात्र काही शिरत नाही. माझ्या शिरलं ते या नावामुळे.

१ नोव्हेंबर १९८६. बासेलजवळच्या सॅन्डोझच्या गोदामाला मध्यरात्रीनंतर आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि रंग घेऊन थेट ऱ्हाइन नदीत गेलं. नदी लाल झाली, मासे तडफडून मेले. माणूस एकही दगावला नाही, तरी कंपनीच्या नाकी नऊ आले. कारण ही नदी पुढे फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्समधून वाहते. आग एका देशात, जाब चार देशांत! त्यात चेर्नोबिल त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेलं, लोक आधीच धास्तावलेले. आता अशा वेळी प्रेसनोट कितीही गुळगुळीत लिहा, काय उपयोग? पुढच्याच वर्षी नदीकाठच्या देशांनी मिळून ऱ्हाइन वाचवण्याचा कार्यक्रम आखला.

आणि आपल्याकडे? त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं होतं. हजारो माणसं गेली. शेजारच्या कारखान्यात नेमकं काय साठवलंय, हेसुद्धा वस्तीला धड माहीत नव्हतं. मग १९८७ मध्ये कारखाने कायदा बदलला. धोकादायक कारखान्याने कामगारांनाच नाही, तर आजूबाजूच्या लोकांनाही धोक्याची माहिती देणं बंधनकारक झालं. म्हणजे पीआरवाल्याने काय सांगायचं, हे फक्त बॉसच्या हातात राहिलं नाही. एवढ्यासाठी केवढी किंमत मोजली आपण!

आज कोलशेतला केमिकलच्या जागी टॉवर उभे आहेत. होर्डिंगवर हसरं कुटुंब, निळाशार स्विमिंग पूल. (जाहिरात म्हणजे पीआर नव्हे, असं आमच्या मॅडम ओरडून सांगतात. मान्य, पण इथे मुद्दा तोच आहे.) त्याच होर्डिंगवर महारेराचा नोंदणी क्रमांक असतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. बिल्डरने हौसेने टाकलेला नाही तो. पुढच्या वेळी रिक्षा कोलशेत रोडला अडकली की स्कॅन करून बघा. प्रकल्पाची नोंदणी, ताबा द्यायची तारीख, सगळं तिथे सापडतं. वेळ तर असतोच तुमच्याकडे.