माजघराचा जीर्णोद्धार

घर सुधारावयाचें म्हटलें म्हणजे आपल्याकडे प्रथम दिवाणखान्याकडे लक्ष जातें. पाहुण्यांच्या दृष्टीस जें पडतें तें नीटनेटकें असावें, ही इच्छा स्वाभाविक आहे व तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु दिवाणखान्यांत पाहुणा घटकाभर बसतो. आणि घरचीं माणसें जेथें जन्मभर वावरतात त्या माजघराच्या वांट्यास मात्र एक मोडकी खुर्ची, दिवाणखान्यांतून निवृत्त झालेला कोच व मध्यभागीं लोंबणारा एक दिवा येतो. हा न्याय उलटा आहे.

माजघर हा शब्द संस्कृत 'मध्यगृह' या शब्दापासून आला आहे. पुढें ओटी, मागें स्वयंपाकघर व परसूं, बाजूस देवघर, आणि मधोमध ही खोली. धान्य निवडणें, शिवणटिपण, मुलांचे परवचे, सायंकाळचें शुभंकरोति, सोयरिकीच्या गोष्टी, सारें येथें चाले. तींत दोष नव्हते असें नव्हे. चारी बाजूंनीं खोल्यांनीं वेढलेली असल्यामुळें ती बहुधा अंधारी असे, आणि त्या अंधारांत डोळे ताणून काम करण्याचा मक्ता घरांतील स्त्रियांकडे असे. आज वाड्याच्या जागीं सदनिका आल्या, तरी सर्वांनीं मिळून बसण्याची एक खोली बहुतेक घरांत असतेच; मात्र तींत बसलेलें कोणी दिसत नाहीं. आजी आपल्या खोलींत, कारण खालीं बसल्यावर तिला उठवत नाहीं. आजोबा आपल्या खोलींत, कारण माजघरांतल्या दिव्यानें अक्षर लागत नाहीं. नातवंडें आपल्या खोलींत, कारण वह्यापुस्तकें ठेवण्यास अन्यत्र जागा नाहीं. हें पाहून 'एकत्र कुटुंब मोडलें' म्हणून शोक करणारे पुष्कळ भेटतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शोक करण्यापूर्वीं दिवा, आसन व फडताळ हीं तीन एकदां तपासून पाहावींत.

पहिला विचार प्रकाशाचा. वयोमानाप्रमाणें डोळ्याची बाहुली लहान होत जाते व आंतील भिंग पिवळसर पडतें. त्यामुळें साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. 'एवढा लख्ख दिवा असतां आजोबांना दिसत कसें नाहीं?' या नातवाच्या प्रश्नाचें हें उत्तर होय. परंतु उपाय म्हणून आढ्याला आणखी प्रखर दिवा टांगणें युक्त नाहीं. वृद्ध डोळ्यांस झगझगाटाचाहि त्रास अधिक होतो. शिवाय पाठीमागून प्रकाश आल्यास आपलीच सांवली आपल्या कामावर पडते. दिवा जवळ आणावा. लहानशा दिव्यापासूनचें अंतर निम्में केलें कीं प्रकाश चौपट होतो, हा नियम शाळेंत सर्वांनींच घोकलेला असतो. घरांत मात्र तो क्वचितच वापरला जातो. खोलीभर सौम्य प्रकाश देणारे एकदोन दिवे, वाचणाऱ्याच्या व शिवणाऱ्याच्या जवळ झांकण असलेला एक दिवा, आणि रात्रीं उठणाऱ्या वृद्धांसाठीं जमिनीलगत एक मंद दिवा, अशी त्रिविध योजना असावी. उजव्या हातानें लिहिणाऱ्यास प्रकाश डावीकडून यावा.

यास खर्च फार येत नाहीं. एल. ई. डी. दिव्यानें हें काम सोपें केलें आहे. तांबडा व हिरवा प्रकाश देणारे असे दिवे पूर्वींच होते. तेजस्वी निळा साधण्यास मात्र १९९० च्या आसपासचीं वर्षें उजाडावीं लागलीं, आणि त्याखेरीज घरांत लावण्याजोगा शुभ्र दिवा होत नव्हता. तो निळा दिवा साधणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जुना ६० वॅटचा दिवा रोज ५ तास जाळल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज लागे. तितकाच प्रकाश देणारा ९ वॅटचा नवा दिवा १.३५ युनिटांत भागवितो. विकत घेतांना डब्यावरील केल्व्हिनचा आंकडा पाहावा. २७०० ते ३००० म्हणजे समईच्या जवळ जाणारा पिवळसर, उबदार प्रकाश. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसण्याउठण्याच्या खोलीस पहिलाच शोभतो. जुन्या लांकडी घरांत मात्र दिव्यांपूर्वीं तारा पाहाव्या. जीर्ण वेष्टनाच्या तारा बदलून जमिनीशीं जोडणी नीट करावी, आणि ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारें यंत्र अवश्य बसवून घ्यावें.

दुसरा विचार आसनाचा. खालीं बसण्याची आपली रीत चांगली आहे. ती टाकूं नये. गादी, लोड व तक्के घातलेली बैठक मुलांना लोळण्यास व चार माणसांना पत्रावळीएवढ्या जागेंत दाटीनें बसण्यास दुसरें कांहीं देऊं शकत नाहीं असें सुख देते. परंतु तिच्या शेजारींच १८ इंच उंचीच्या, टणक बैठकीच्या व हात असलेल्या दोन खुर्च्या असाव्या. आसन जितकें खालीं, तितका उठतांना गुडघ्यांवर व मांड्यांवर भार अधिक. आणि हातांनीं रेटा देण्यास आधार असेल तर तो भार हलका होतो. आजकालचे सखल व मऊ कोच दिसण्यांत ऐटदार असतात, पण त्यांत रुतलेल्या वृद्धास उठवावयास दोघे लागतात. झोपाळा असल्यास तो काढूं नये. मात्र कड्या ज्या तुळईस आहेत ती वाळवीनें पोखरलेली नाहीं, याची सुतारास दाखवून खात्री करावी. सर्व आसनें दूरदर्शन-संचाकडे तोंड करून मांडलीं म्हणजे माजघराचें नाट्यगृह होतें. निदान निम्मीं आसनें एकमेकांसमोर, ७-८ फुटांच्या अंतरांत असावींत, म्हणजे कमी ऐकूं येणाऱ्यांसहि संभाषणांत भाग घेतां येतो. आणखी एक गोष्ट: घरच्या गृहिणीचें आसन कोणतें, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. जी सर्वांना चहा देते तिला उंबऱ्यावर टेकावें लागत असेल, तर मांडणी चुकली.

तिसरा विचार सांठवणाचा. जुन्या जाड भिंतींत कोनाडे व फडताळें असत. तीं जागा न अडवितां सारा संसार पोटांत घेत. तीं बुजविलीं असतील तर जाणत्या गवंड्याच्या सल्ल्यानें पुन्हा मोकळीं करावींत. तशी भिंत नसल्यास एका बाजूस १८ इंच उंचीचें झांकणाचें पेटीबाक करावें. त्यांत गोधड्या राहतात व वर चौघे बसतात. फळ्यांचा नियम असा: नित्याच्या वस्तु कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, जड वस्तु खालीं, वर्षांतून एकदां लागणाऱ्या सर्वांत वर. पाऊण इंची प्लायवुडची फळी पुस्तकांसाठीं अडीच फुटांहून लांब आधाराविना ठेवल्यास मधोमध झोकते. कोंकणासारख्या दमट प्रांतीं कपाट भिंतीपासून थोडें सुटें ठेवून त्यास हवा खेळण्यास छिद्रें ठेवावींत. औषधें मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशीं, पण आजोबांना सहज सांपडतील अशीं ठेवावींत. म्हणजे कुलुपाचा एक खण असावा. आणि दाराजवळ एक फळी मोबाईल-यंत्रांसाठीं राखावी. जेवणवेळीं सर्वांचीं यंत्रें तेथें विश्रांति घेतील. अर्थात् वडीलधाऱ्यांचीं प्रथम.

कामाचा क्रम चुकूं देऊं नये. आधीं तारा, मग गवंडीकाम, मग भिंतींस पांढरा किंवा फिका रंग, कारण फिकी भिंत प्रकाश परत देते व काळपट भिंत तो गिळते. नंतर सुतारकाम, शेवटीं आसनें. एकदम सर्व न झेपल्यास वाचनाचा एक दिवा व हातांची एक खुर्ची यांपासून आरंभ करावा.

एका छपराखालीं राहिल्यानें कुटुंब एकत्र होत नाहीं. एका दिव्याजवळ बसल्यानें होतें. माणसांनीं एकत्र यावें असा उपदेश करण्यास शब्द लागतात व ते बहुधा वायां जातात. तीं येतील अशी जागा करून ठेवणें हें मात्र आपल्या हातीं आहे.